पहिला चौकोन रिकामा सोडा

तुम्ही औषधाच्या दुकानात उभे आहात आणि तुमचं पोट दुखतंय.

सेऊल शहरातलं सिंचोन, संध्याकाळचे सात. या देशात येऊन तुम्हाला सहा दिवस झालेत. काउंटरपलीकडे पांढऱ्या कोटातल्या बाई तुमच्या बोलण्याची वाट पाहतायत. त्यांच्या मागच्या फळीवरच्या प्रत्येक डबीवरचं अक्षर तुम्हाला लागतंय. हंगुल लिपी तुम्ही पुण्यातच शिकून आलात, चार संध्याकाळी पुरल्या होत्या. वाचता सगळं येतंय, कळत काहीच नाही. "बे-गा आफायो," तुम्ही म्हणता. पोट दुखतंय. बाई मान डोलावतात आणि काहीतरी विचारतात. लांबलचक प्रश्नातला शेवटचा 'यो' तेवढा कानाला लागतो.

मराठीत तुम्ही म्हणाला असता, "अहो, सकाळपासून बेंबीपाशी मुरडा येतोय. राहून राहून कळ येते आणि मध्येच पोट डब्ब होतं." इथे तुमच्या गाठीला दोनच शब्द, तेही वापरून झालेले. मग बोट बेंबीवर ठेवून तुम्ही तोंड वाकडं करता, तीन वर्षांचं मूल करतं तसं. बाई हसत नाहीत. गोळ्यांची पट्टी पुढे करतात, तीन बोटं दाखवतात, हातानं जेवणाची खूण करतात.

गोळी लागू पडते, झोप मात्र येत नाही. गोशिवॉनची, म्हणजे स्वस्त वसतिघरातली, खोली एवढीशी की पलंगावर बसून हात लांब केला तर दाराची कडी लागते. छताकडे बघत तुमच्या मनात एकच गोष्ट घोळते: सांगायचं होतं, सांगता आलं नाही. हे दुखणं पोटापेक्षा खोल आहे.

पुढचा हिशेब तुम्हाला पाठ आहे. भाषा शिकण्यासाठीचा डी-४ व्हिसा, सहा पातळ्या, प्रत्येक पातळी दहा आठवड्यांची, रोज चार तास, म्हणजे पातळीमागे २०० तास. सगळ्या पार करायच्या तर मधल्या सुट्ट्या धरून दीड वर्ष. वर्गात तुमच्याबरोबर कुणी गाण्यांच्या ओढीनं आलंय, कुणाला इथल्या विद्यापीठात प्रवेश हवाय आणि त्यासाठी टोपिक ही कोरियन भाषेची परीक्षा द्यायचीय. तुमच्या डोळ्यांपुढे रांजणगावच्या कोरियन कारखान्यातली दुभाष्याची खुर्ची आहे. शुक्रवारी तास सुटताना शिक्षिका, म्हणजे तुमच्या सन्सेंगनिम, फळ्यावर एक रेघ ओढतात. खाली सेऊल स्टेशन, वर राजवाडा. शनिवारी एवढं चालून या, त्या सांगतात. जेमतेम तीन किलोमीटर, सरळ उत्तरेकडे.

तुम्ही निघता. रस्ता उत्तरेकडे जातो, तसा मागेही जातो.

८ सप्टेंबर १९४५

जुन्या सेऊल स्टेशनची इमारत १९२५ सालची. लाल विटा, मधोमध घुमट. हल्ली गाड्या शेजारच्या काचेच्या स्टेशनातून सुटतात आणि जुन्या इमारतीत प्रदर्शनं भरतात. तुम्ही आत पाऊल टाकता तो कोळशाचा धूर नाकात शिरतो. गाठोडी, पोरं, ओळखीचा चेहरा शोधणारी माणसं. पाट्या अजून जपानी. जपाननं शरण येऊन तीन आठवडे झालेत, ३५ वर्षांची परकी सत्ता उठली आहे, आणि आजच तिकडे इंचॉनच्या बंदरात अमेरिकी फौज उतरते आहे. कुणाचंच कुणाकडे लक्ष नाही. गर्दीतून वाट काढत तुम्ही मालाच्या गोदामात येता.

पेट्यांच्या थप्पीतली एक पेटी उघडी आहे. आत कागदांचे गठ्ठे. तुम्ही वाकून बघता. कागदावर छापलेले चौकोन, एका चौकोनात एक अक्षर. हातानं लिहिलेला मजकूर, त्यावर लाल शाईच्या दुरुस्त्या, समासात बारीक टिपा. एकाच पानावर तीन-तीन हस्ताक्षरं. हा शब्दकोश आहे, आणि असे सुमारे २६,५०० कागद या पेट्यांत आहेत.

काम सुरू झालं १९२९ साली. भाषेसाठी झटणाऱ्यांचं एक मंडळ शब्द गोळा करत होतं. सुट्टीत गावी जाणारे विद्यार्थी आपापल्या बोलीतले शब्द टिपून आणत. शब्द जमले की प्रश्न पडे, लिहायचे कसे? मग १९३३ मध्ये मंडळानं शुद्धलेखनाचे नियम बांधले. तुमच्या पाठ्यपुस्तकातलं लेखन आजही मुळात त्याच नियमांवर उभं आहे. इकडे काम पुढे सरकत होतं, तिकडे पायाखालची जमीन जात होती. १९३८ पासून शाळांत कोरियन ऐच्छिक झाली, म्हणजे व्यवहारात संपलीच. १९४० मध्ये माणसांना नावंसुद्धा जपानी घ्यायला लावली. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी मंडळाच्या लोकांची धरपकड केली आणि हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त केलं. शब्दकोश करणं हा देशद्रोह ठरला. त्यांतले ई युन-जे आणि हान जिंग हे दोघे हामहुंगच्या तुरुंगातच वारले. शेवटपर्यंत तुरुंगात उरलेले तीन आठवड्यांपूर्वी सुटले. ते बाहेर आले तेव्हा आयुष्याची १३ वर्षं कुठल्या गोदामात पडली आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्याच काळात पुण्यात दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड एकामागून एक निघत होते, १९३२ ते १९३८. राज्य तेव्हा आपल्यावरही परक्यांचंच होतं. पण 'मुरडा' या शब्दाचा अर्थ लिहिला म्हणून कुणाच्या हातात बेड्या पडल्या नाहीत. तुम्हाला हे आज पहिल्यांदा असं जाणवतं.

तुम्ही एक कागद उचलता. दुखण्याच्या शब्दांची कोरियनमध्ये रेलचेल आहे. आत टोचल्यासारखं होतं ते 'कुक-कुक', ठणकतं ते 'उक्शिन-उक्शिन', चुणचुणतं ते 'ताक्कुम-ताक्कुम'. आपल्या 'ठणठण' आणि 'चुणचुण'सारखेच जोडीनं चालणारे शब्द. परवा औषधाच्या दुकानात तुम्हाला यातला एक जरी येत असता! कुणीतरी ते ऐकले, चौकोनात उतरवले आणि त्यापायी तुरुंग भोगला, म्हणून पुढे ते तुम्हाला शब्दकोशात सापडणार आहेत. पहिला खंड निघेल ९ ऑक्टोबर १९४७ ला, सहावा आणि शेवटचा १९५७ ला. एकूण शब्द १,६४,१२५.

कागद जागच्या जागी ठेवा. नीट, घडी न पडू देता.

७ एप्रिल १८९६

उत्तरेकडे चालता चालता जुनी दक्षिण वेस लागते, सुंग्न्येमून. तिच्या पाटीवरची चिनी अक्षरं उभी, एकाखाली एक. वेशीच्या आत पाऊल पडलं की आगगाडीचा आवाज थांबतो. अजून या देशात रूळच पडलेले नाहीत. देवळाच्या प्राकारासारख्या दगडी भिंतीच्या कडेनं रस्ता वळतो आणि तुम्ही जोंगदोंगमध्ये येता. परदेशी वकिलाती, मिशनऱ्यांच्या शाळा, मातीच्या रस्त्यावर शुभ्र कपड्यातली माणसं.

मंगळवार आहे. एक पोऱ्या तुमच्या हातात चार पानांचं वर्तमानपत्र ठेवतो, शाई अजून ओली. नाव 'दोंग्निप शिनमून', म्हणजे स्वातंत्र्यपत्र. आजचा पहिला अंक. आठवड्यातून तीनदा निघेल. तीन पानं कोरियन, एक इंग्रजी. संपादक सो जे-पिल बारा वर्षांपूर्वी फसलेल्या उठावानंतर देश सोडून पळाला, अमेरिकेत डॉक्टर झाला आणि आता परतला आहे. त्यानं दोन गोष्टी ठरवल्यात. चिनी अक्षर एकही वापरायचं नाही, आणि शब्दाशब्दात जागा सोडायची.

जागा सोडायची! तुम्हाला यात नवल वाटत नाही. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला वाटतं. आयुष्यभर त्यानं अखंड ओळी वाचल्यात. पण एक वाक्य घ्या, कोरियातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असलेलं: 'आबोजिगाबांगेदुरोगाशिन्दा.' 'आबोजिगा बांगे' असं तोडलं तर बाबा खोलीत जातात, 'आबोजि गाबांगे' असं तोडलं तर बाबा पिशवीत जातात. तुम्हाला मोडी आठवते. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि मग शब्द न तोडता अक्षरं तिला लटकवत जायची. आपले पेशवे दप्तरातले कागद वाचायला आजही मोडीचा जाणकार लागतो, तो उगाच नाही. दोन शब्दांमधली कोरी जागा परक्या वाचकाला हात देते, पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्याला वर ओढून घेते.

छापखान्यात खिळे जुळवण्याच्या खणांशी एक विशीला टेकलेला तरुण मुद्रितं तपासतोय. जू शी-ग्योंग. अजून शाळेत शिकतोय, पण डोक्यात एकच विचार: एकच शब्द चार जण चार तऱ्हांनी लिहितात, हे चालायचं नाही. छापखान्यातल्या छापखान्यात तो लेखन सुधारायला माणसं जमवतो. पुढे तो या शाळेतून त्या शाळेत भाषा शिकवत हिंडेल. पुस्तकं कापडात बांधून काखेत घ्यायची त्याची सवय, म्हणून पोरं त्याला 'जू बोत्तारी' म्हणतील, जू गाठोडेवाला. 'हंगुल' हे लिपीचं नावही त्याच्याच प्रयत्नानं रुळलं असं मानतात. १९१४ मध्ये, चाळिशी न गाठताच, तो जाईल. त्याच्या हाताखाली शिकलेला छ्वे ह्योन-बे १९४२ मध्ये पकडलेल्यांत असेल. मघाशी गोदामात जे कागद तुम्ही पाहिलेत त्यांचं मूळ या गाठोड्यात आहे.

तुम्ही अंक मोठ्यानं वाचायला लागता आणि मध्येच अडखळता. काही अक्षरांखाली एक टिंब आहे, तुम्ही कधी न शिकलेलं. १९३३ च्या नियमांत ते टिंब गेलं. जू मान वर करून तुमच्याकडे बघतो आणि उच्चार करून दाखवतो. परक्याला हे अडणारच, असं त्याच्या चेहऱ्यावर असतं, आणि त्यात जराही कमीपणा नसतो.

१८८६, शरद ऋतूतली संध्याकाळ

जोंगदोंगातून जोंगनोकडे चालत जाता जाता दहा वर्षं गळून पडतात. आता ते वर्तमानपत्र नाही आणि रस्त्यावर दिवेही नाहीत. प्रत्येक घराच्या धुराड्यातून धूर निघून गल्लीत साचलाय. चुलीचा जाळ जमिनीखालून खेळवून खोली ऊबदार करायची पद्धत इथे आहे, ओन्दोल. तुम्ही एका अंगणात शिरता, जोडे बाहेर काढता आणि तेल लावलेल्या पिवळट कागदाच्या जमिनीवर मांडी घालता. जमीन तव्यासारखी नव्हे, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी उबदार.

समोर गुरुजी. पांढरा अंगरखा, डोक्यावर घोड्याच्या केसांची काळी जाळीदार टोपी. तुमच्या शेजारी २३ वर्षांचा अमेरिकन तरुण, होमर हल्बर्ट. राजानं काढलेल्या नव्या शाळेत इंग्रजी शिकवायला जुलैमध्ये आलाय. तुमच्यासारखाच परका, तुमच्यासारखाच मुका. गुरुजींना इंग्रजी येत नाही. इंग्रजीतून कोरियन शिकवणारं म्हणावं असं पुस्तक एकच, जॉन रॉस यांची १८७७ सालची प्राथमिक पोथी. फ्रेंच पाद्र्यांनी केलेला कोश १८८० मध्ये योकोहामात छापला गेला, पण तो फ्रेंचमधून. हॉरेस अंडरवूड जेमतेम दीड वर्षापूर्वी चेमुल्पोच्या धक्क्यावर उतरलाय आणि स्वतःच्या वह्या भरतोय. त्याचं व्याकरण निघायला १८९० उजाडेल. त्यानं पुढे काढलेल्या कॉलेजातून योनसेई विद्यापीठ उभं राहील आणि १९५९ मध्ये तिथे परदेशी लोकांसाठी कोरियन भाषेची संस्था सुरू होईल, तुमच्या सिंचोनमध्येच. आज मात्र हत्यार एकच आहे, एक प्रश्न: "इगोशी मुओशिओ?" हे काय आहे?

तुम्ही गुरुजींच्या टोपीकडे बोट दाखवता. "गाशिओ," ते म्हणतात. म्हणजे टोपीला 'गाश' म्हणतात? तुम्ही म्हणून बघता. ते मान हलवतात आणि एकटा शब्द उच्चारतात: "गात." मघाचा 'श' कुठे गेला? शब्द एकटा असला की शेवटी जीभ दातांमागे अडते आणि 'त' ऐकू येतो. पुढे 'इ' आला की अडलेला आवाज सुटतो आणि 'श' होतो. अक्षर एकच, त्याचं वागणं सोबत कोण आहे त्यावर. हल्बर्ट वहीत लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो.

मग गुरुजी तीन शब्द म्हणतात. आग, गवत, शिंग. तुमच्या कानाला तिन्ही वेळा 'पुल'च ऐकू येतं. गुरुजी पातळ कागदाचा कपटा ओठांपुढे धरतात. गवत म्हणताना कपटा फडफडतो, हा आपला 'फ'. फळातला, दोन्ही ओठ मिटून काढलेला. शिंग म्हणताना कपटा जागचा हलत नाही, हा आपला 'प', जरा जास्त आवळलेला. आणि आग? कपटा किंचित थरथरतो. प आणि फ यांच्यामधला आवाज. तुमच्या कानात तिथे खणच नाही. शेकडो वर्षं क-ख, त-थ, प-फ अशा जोड्या मांडून ठेवलेल्या घरात तिसऱ्यासाठी जागा करायची आहे, आणि ती करायला तुम्हाला महिने लागतील.

वाक्यरचना मात्र तुम्हाला घरची वाटते. 'नानुन हाक्क्यो-ए गायो.' मी शाळेत जातो. शब्दाला शब्द, 'शाळे'ला चिकटलेला 'त' आणि शेवटी क्रियापद. हल्बर्टला ते उलटं करून घ्यावं लागतं, तुम्हाला नाही. १९०५ मध्ये तो एक अख्खं पुस्तक लिहील, कोरियन आणि भारतातल्या द्राविडी भाषांच्या तौलनिक व्याकरणावर. आजचे भाषाशास्त्रज्ञ ते नातं मानत नाहीत. पण या खोलीत बसून त्याचं लक्ष हिंदुस्थानकडे का गेलं असेल, हे तुम्हाला पटकन कळतं. मान राखायची रीतही ओळखीची आहे. समोर कोण आहे ते पाहून क्रियापदाची शेपटी बदलायची. 'खा', 'जेवा', 'जेवून घ्यावं' यांतला फरक ज्याला आईनं शिकवलाय त्याला कोरियन आदर समजावून सांगावा लागत नाही, फक्त पाठ करावा लागतो.

लिपी हल्बर्टनं चार दिवसांत आत्मसात केली. तुमच्या चार संध्याकाळींसारख्याच. त्याला आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. इतकी सोपी, इतकी नेटकी लिपी घरात असताना शिकलेली माणसं तिला हलकी समजतात. ती बायकांची, पत्रांची, गोष्टींची लिपी. ज्ञान म्हणजे चिनी अक्षरं. गुरुजींनाही तसंच वाटतं. थोड्याच वर्षांत हल्बर्ट याच लिपीत जगाच्या भूगोलाचं पाठ्यपुस्तक लिहील, 'सामिनपिल्जी'. परक्यानं येऊन त्यांच्या घरातला दिवा त्यांच्याच हाती द्यावा, तसं. १९४९ साली, म्हातारपणी, निमंत्रण आल्यावर तो इथे परत येईल आणि आठवड्याभरात इथेच देह ठेवेल. हान नदीकाठी यांगह्वाजिनच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. तुमच्या खोलीपासून मेट्रोनं काही मिनिटांवर. वेस्टमिन्स्टर ॲबेपेक्षा या मातीत विसावणं त्याला हवं होतं.

बाहेर अंधार पडलाय. आसपासच्या घरांतून लयीत आवाज येतो, टक-टक, टक-टक. बायका धुतलेले पांढरे कपडे दगडावर ठेवून दोन-दोन लाकडी दांडक्यांनी बडवतायत, घड्या सपाट व्हाव्यात म्हणून. मग जोंगनोची मोठी घंटा वाजते, २८ टोले. नगराच्या वेशी बंद. पहाटे वेशी उघडताना ३३ टोले पडतील. २८ नक्षत्रांचे, ३३ देवांच्या स्वर्गाचे. हा तेहतीस देवांचा स्वर्ग बौद्ध ग्रंथांबरोबर आपल्याकडून इथवर आलाय. दूर देशी, परक्या रात्री, तेहतीस हा आकडा ऐकून तुम्हाला आजीच्या तोंडचे तेहतीस कोटी देव आठवतात.

१४४४, दुसरा महिना

घंटाघराच्या पुढे ग्वांगह्वामुनचा चौक. सोनेरी रंगाचा राजा सेजोंग हातात उघडं पुस्तक घेऊन बसलाय. त्याला वळसा घालून तुम्ही ग्योंगबोकगुंग राजवाड्यात शिरता आणि पश्चिमेच्या अंगाला सुजोंगजोन या दालनापाशी थांबता. हे दालन १८६७ सालचं. पण इथे आधी जिप्ह्योनजोन होतं, राजाच्या पंडितांची सभा. पायरी चढा. जोत्यावरचा लाकडी वास बदलतो.

तेलाच्या दिव्याशी ४६ वर्षांचा माणूस कागद डोळ्यांजवळ धरून वाचतोय. सेजोंगचे डोळे अधू झालेत. थोड्याच दिवसांत तो छोंगजूच्या खनिज पाण्याच्या झऱ्यांवर उपचारांना जाणार आहे. दहा वर्षांपूर्वी यानं सदाचाराच्या गोष्टींचं पुस्तक काढलं तेव्हा पानोपानी चित्रं घातली, कारण रयतेला वाचता येत नव्हतं. पण चित्रं पुरत नाहीत. चित्र बघून माणूस समजून घेईल, त्याला स्वतःला काही सांगायचं असेल तर? तक्रार मांडायची असेल, कोर्टातल्या कागदावर आपलं म्हणणं बरोबर उतरलंय का हे पाहायचं असेल तर? गेल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात त्यानं २८ अक्षरं पुढे ठेवली.

आज त्यांच्याविरुद्ध अर्ज आलाय. सभेचाच ज्येष्ठ पंडित छ्वे मान-री आणि त्याचे सहकारी म्हणतात, आपण चिनी अक्षरं सोडून वेगळी लिपी काढली तर मंगोल, जपानी, जुर्चेन यांच्या पंगतीला जाऊन बसू, रानटी ठरू. राजा चिडतो. त्याच्या उलट प्रश्नाचा आशय असा, तुम्हाला ध्वनिशास्त्र कळतं का? सूर किती, आवाजांचे वर्ग किती, सांगा बरं! अर्जदारांना कोठडीत घालतात. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी सुटतात.

आवाजांचे वर्ग म्हटल्यावर तुमचे कान टवकारतात. कागदावर राजानं आवाज तोंडातल्या जागेप्रमाणे लावलेत. जिभेच्या मुळाचे, जिभेचे, ओठांचे, दातांचे, घशाचे. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य! पहिलीत तुम्ही 'कखगघङ' घोकलंत ते याच शिस्तीनं. बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले, त्यांच्याबरोबर संस्कृत वर्णमालेची मांडणी गेली, चिनी ध्वनिशास्त्रावर तिचा ठसा उमटला आणि ते शास्त्र सेजोंगनं मनापासून वाचलं होतं. पण त्यापुढचं पाऊल त्याचं स्वतःचं. त्यानं आवाजाला आवाजाचाच आकार दिला. 'ㄱ' म्हणजे घशाकडे उचललेलं जिभेचं मूळ. 'ㄴ' म्हणजे वर टेकलेलं जिभेचं टोक. 'ㅁ' म्हणजे तोंड. 'ㅅ' म्हणजे दात. 'ㅇ' म्हणजे घसा. आवाज जोरकस झाला की एक रेघ वाढवायची: ㄱ वरून ㅋ, ㄴ वरून ㄷ, ㄷ वरून ㅌ. स्वरांसाठी तीनच खुणा, आकाशाचं टिंब, जमिनीची आडवी रेघ, उभ्या माणसाची उभी रेघ. मघाशी १८९६ मध्ये तुम्ही अडखळलात ते टिंब म्हणजे सेजोंगचं आकाश.

ही कारणं सांगणारं पुस्तक १४४६ मध्ये लिपीबरोबरच निघेल आणि पुढे शतकानुशतकं हरवेल. कुणी म्हणेल अक्षरं खिडकीच्या जाळीवरून काढली, कुणी म्हणेल संस्कृतावरून. १९४० मध्ये जपानी अमलाच्या ऐन अंधारात जोन ह्योंग-पिल नावाचा संग्राहक एक प्रत मिळवेल आणि देश मोकळा होईपर्यंत ती जिवापाड जपेल.

तुम्ही दिव्याच्या उजेडात उभे राहता. १४४६ च्या प्रस्तावनेत राजा सांगणार आहे की सांगायचं असूनही सांगता न येणाऱ्या साध्या माणसांची त्याला कणव आली, म्हणून ही अक्षरं. तुम्ही हे पुण्यात वाचलं होतंत तेव्हा ती माणसं म्हणजे जुन्या काळचे शेतकरी, असं तुमच्या डोळ्यांपुढे आलं होतं. आता औषधाचं दुकान आठवतं. बेंबीवरचं बोट आठवतं. ती माणसं तुम्ही आहात. परदेशात भाषा शिकायला जाणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी तोच माणूस असतो, सांगायचं खूप आणि तोंडाला कुलूप. सहाशे वर्षांपूर्वी डोळे अधू झालेला एक माणूस रात्री जागून त्या कुलपाची किल्ली घडवत होता. म्हणून तुम्हाला चार संध्याकाळी पुरल्या. ती तुमची हुशारी नव्हती. ती त्याची माया होती.

सोमवार, सकाळचे नऊ

सन्सेंगनिम प्रत्येकाच्या बाकावर एक कागद ठेवतात. दोनशे चौकोन, एका चौकोनात एक अक्षर. तुम्ही तो लगेच ओळखता. गोदामात पाहिलात त्याच जातीचा. विषय फळ्यावर आहे: गेल्या आठवड्यात सांगता न आलेली गोष्ट.

परिच्छेद सुरू करताना पहिला चौकोन रिकामा सोडा, त्या सांगतात. शब्द संपला की एक चौकोन रिकामा सोडा. सो जे-पिलनं सोडलेली जागा अशी तुमच्या बाकापर्यंत आलीय. तुम्ही पहिला चौकोन सोडता आणि दुसऱ्यात पेन्सिल टेकवता. 'बे', पोट. 배. आधी ㅂ, म्हणजे ㅁ च्या तोंडाला रेघा वाढवलेलं अक्षर, ओठांचं. मग पुढचं, मग त्यापुढचं. दोन ठिकाणी खोडता. एक शब्द कोशात शोधता. 'कुक-कुक'. तास संपतो तेव्हा दोनशेपैकी त्र्याऐंशी चौकोन भरलेले असतात.

संध्याकाळी तो कागद घेऊन तुम्ही औषधाच्या दुकानात जाता. आज दुखत काहीच नाही. बाई कागद दोन्ही हातांनी घेतात, चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचतात. एका जागी पेन काढून हळूच एक चूक दुरुस्त करतात, लाल शाईनं. मग वर बघून विचारतात, "ग्वेन्चानायो?"

बरं आहे ना आता? या वेळी तुम्हाला प्रश्न पुरता ऐकू येतो, सुरुवातीपासून शेवटच्या 'यो'पर्यंत. उत्तराला नवा शब्द लागत नाही. तोच शब्द, फक्त सूर खाली आणायचा.

"ग्वेन्चानायो," तुम्ही सांगता.